प्रलयाचे अव्वल कारकून

एखादी कादंबरी आवडली म्हणून दुसऱ्यांदा वाचणारे रसिक सर्वत्र आढळतात. परंतु आवडत्या कादंबरीची दरसाल जमाबंदीच्या शिस्तीने तपासणी करणारा जो वाचक, तो बहुधा निवृत्त महसुली नोकर असतो, आणि त्या जातीचा अस्सल नमुना पाहावयाचा तर धाराशिवला नानांच्या ओसरीवरच जावे लागते. उन्हाळा तापला, टँकरच्या खेपा सुरू झाल्या, की नाना लाल फडक्यात बांधून ठेवलेली स्टीफन किंगची ‘द स्टँड’ सोडतात. लष्करी प्रयोगशाळेतून निसटलेल्या साथीने जवळजवळ सारी अमेरिका गारद होते आणि उरलेल्यांपैकी काही एका शतायुषी म्हातारीच्या, तर काही साक्षात सैतानाच्या आश्रयाला जातात, असे तिचे कथानक. १९७८ साली ती छापताना शेकडो पाने गाळावी लागली होती. ती पुन्हा घालून १९९० साली अकराशेंवर पानांची आवृत्ती निघाली. ग्रंथातील सर्व चमत्कारांहून नानांना हाच चमत्कार थोर वाटतो, कारण दप्तरातून एकदा गहाळ झालेला कागद परत आल्याचे त्यांच्या उभ्या चाकरीत घडले नव्हते.

साथीची पाने ते भराभर उलटतात. त्यांची रुची जागृत होते ती वाचलेली माणसे बोल्डर गावी जमून सात जणांची समिती नेमतात, मृतांना मूठमाती देण्यासाठी पथके काढतात, शिरगणती करतात, वीज सुरू करण्याच्या खटपटीला लागतात, तेव्हा. इतर वाचक ज्या बैठकांच्या इतिवृत्तांवर जांभया देतात, ती नाना तांबड्या पेन्सिलीने वाचतात. ‘शंभरातले नव्याण्णव खातेदार मयत, फेरफार एकही नाही’, ‘रिकाम्या घरांचा ताबा कोणाच्या हुकमाने?’, ‘पंचनामा कोठे आहे?’ असे शेरे समासात वर्षागणिक वाढत चालले आहेत, आणि जुन्या शेऱ्यांवर नवे प्रतिशेरेही पडले आहेत.

सैतानाविषयी मात्र त्यांच्या मनात गुप्त आदर आहे. त्याच्या लास व्हेगासात दिवे अगोदर लागतात आणि माणसे वेळेवर कामावर जातात. “अंमलदार म्हणून उत्कृष्ट,” नाना म्हणतात, “गोपनीय अहवाल तेवढा वाईट.” शेवटी ईश्वराच्या हाताने त्याच्या राज्याचा निकाल लागतो, हे त्यांना आजतागायत मान्य नाही; खालच्या कचेरीत प्रकरण चालू असता वरिष्ठांनी ते परस्पर निकाली काढावे, ही पद्धत गैर, असे त्यांचे स्वच्छ मत आहे.

या शेऱ्यांना हसण्यापूर्वी ध्यानात घ्यावे, की नानांची उमेदवारी १९७२च्या दुष्काळात, खडीच्या ढिगाशेजारी हजेरीपट भरण्यात गेली. त्या पटावर धनी आणि त्याचा सालगडी यांची नावे एकाखाली एक येत आणि दोघांच्याही पोटाला मिलोची भाकरी नाही तर सुकडी मिळे. पुढे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंप झाला. लातूरकडील किल्लारीप्रमाणेच आमच्या जिल्ह्यातील सास्तूरही, दगडमातीच्या रुंद भिंती आणि जड माळवदे माणसांच्या अंगावर घेऊन, भुईसपाट झाले. नाना तेथे पंचनाम्याला होते. त्या सकाळीविषयी ते बोलत नाहीत. बोलतात ते नंतरच्या वर्षांविषयी: पत्र्याचे निवारे, नव्या गावठाणाची आखणी, वारसांचे दाखले, घरवाटपाचे तंटे, आणि पक्के घर हाती येऊनही छपराखाली निजण्यास न धजणारी माणसे. अमेरिकन लेखकाला जे कल्पनेने रचावे लागले, ते येथे जावक क्रमांकानिशी घडलेले आहे. तेव्हा नाना कादंबरी वाचतात असे म्हणण्यापेक्षा, समव्यवसायी माणसाने केलेले काम तपासतात, असे म्हणणे अधिक न्याय्य होय.

जगबुडीची भीती चाखावयाची असेल त्याने ही कादंबरी कोठूनही मिळवून वाचावी. परंतु जगबुडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला कोठून आरंभ करावा, हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने नानांची प्रत समासासकट वाचावी. मागावयास जाताना पावतीपुस्तकावर सही करण्याची तयारी ठेवावी, आणि म्हातारी व सैतान यांतले कोण जिंकावे असे आपल्याला वाटते, हे मात्र त्यांना सांगू नये.