बाई परीक्षेला बसल्या!

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, बाईंची खिडकी उघडी आहे.

आपल्या बाई टीईटीला, त्या शिक्षक पात्रता परीक्षेला बसल्या. म्हणजे बसून आल्यासुद्धा! 2025 च्या 23 नोव्हेंबरला, तो रविवार नव्हता का? आपण सगळ्या समजत होतो की लग्नाला चालल्यात. मला तेव्हाच शंका आली होती हो. लग्नाला कुणी साधी कॉटनची साडी नेसून, दोन काळी बॉलपेनं घेऊन जातं का? स्टेशनावर कुणीतरी विचारलं, "बाई, कुठं?" तर म्हणाल्या, "जरा काम आहे." आणि पर्स अशी पोटाशी धरलेली! त्यात हॉलतिकीट होतं, आता कळतंय.

आता कोर्टाचं तुम्हाला ठाऊकच आहे. 1 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या कुणाची नोकरी पाच वर्षांच्या वर उरलीय, त्यानं दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. चार दिवसांवर शिक्षकदिन आलेला हो! मुलांनी फुलं दिली तेव्हा बाईंचा चेहरा बघवत नव्हता म्हणे. मुलांना वाटलं, बाईंना सर्दी झालीय.

बाई लागल्या 1998 ला. ती शिक्षणसेवक योजना 2000 साली सुरू झाली, तिच्याही आधी. आणि आपल्याकडची पहिली टीईटी झाली डिसेंबर 2013 मध्ये. म्हणजे बाईंनी पंधरा वर्षं शिकवून झाल्यावर ती परीक्षा जन्माला आली! आमचे हे म्हणतात, कायदा तो कायदा, मुलांचं भलं बघायला नको का? बघावं की. पण मग सत्तावीस वर्षं जी मुलं शिकून गेली त्यांचं काय करायचं म्हणते मी? परत बोलवायची?

त्या दुसऱ्या बाई आहेत ना, खारपाड्याच्या बाजूनं येतात त्या… वय विचारलं की "तुम्हीच ओळखा" म्हणायच्या. परवा भाजीच्या टपरीवर मला आपणहून सांगतात, "माझं चोपन्न पूर्ण झालं हो, अठ्ठावन्नला रिटायर, चारच वर्षं राहिली!" जन्मतारखेसकट! पाचच्या आत उरली तर परीक्षेतून सुटका ना. नोकरी शाबूत, फक्त प्रमोशन मागायचं नाही. मी म्हटलं, "मग केंद्रप्रमुख व्हायचं राहिलं की." तर चेहरा असा पडला… गवारीचे पैसे द्यायचं विसरून गेल्या.

तर काय सांगत होते? हां, आपल्या बाईंची शाळा वाडीवरची. दोन मास्तरांची. दिवाळी झाली की अर्धी पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात. मग बाई जाणार भट्टीवर, पोरांची समजूत काढणार, आईची काढणार, एखादं परत आणणार. त्यात खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती, पोरांचे आधार, ते अपार का काय त्याचे नंबर. मतदारयाद्याही यांच्याच गळ्यात. अभ्यास कधी करायचा? रात्री. आणि शिकवायला कोण येत होतं माहितेय?

आमचा पक्या!

अहो, माझ्या धाकट्या जावेचा. डीएड झालेला. टीईटी पहिल्या झटक्यात पास, नंतरची भरतीची ती टेट का काय तीही दिली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव टाकून बसलाय. नोकरी नाही. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. डोळे काय काढतो हो! 2025 मध्ये ते पीओपीच्या मूर्तींवरच्या बंदीचं कोर्टात चाललं होतं तेव्हा सगळ्या कारखान्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, जूनमध्ये परवानगी मिळाली तेव्हा कुठं हात चालले. गणपती गेले आणि हा मोकळा झाला. तेवढ्यात बाईंनी गाठलं. "पक्या, मला ते शिकवशील का?"

या पोराला चौथीत सतराचा पाढा येत नव्हता म्हणून बाईंनी अख्खा तास दाराशी उभं केलं होतं. जाऊबाई भांडायला गेल्या होत्या, आठवतंय ना? आणि आता तोच पोरगा खुर्चीवर आणि बाई पलीकडे वही उघडून! जाऊबाई सांगत होत्या, पहिल्या दिवशी बाई आत आल्या तसा हा ताडकन उभाच राहिला. बसेचना. शेवटी बाई म्हणाल्या, "बस रे. तू बसल्याशिवाय मला कसं बसता येईल?"

दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं. नव्वद पडले तर पास, राखीववाल्यांना थोडी सूट. चुकलं तर मार्क कापत नाहीत, तेवढंच पुण्य. गणित, मराठी, परिसर अभ्यास बाईंना पाठ. इंग्रजीचं जमवून घेतलं. अडलं कुठं? बालमानसशास्त्रात! अहो, ज्या बाईंनी नुसतं बघितलं की पोरगं खिशातल्या चिंचा बाहेर काढतं, त्यांना मुलाच्या मनाचे मार्क मिळेनात! तो कोण पियाजे आहे, त्याच्या अवस्था. पक्या सांगतो, "बाई, सात ते अकरा, मूर्त क्रियात्मक." बाई म्हणतात, "माझ्या वाडीवरची पोरगी सहाव्या वर्षी धाकट्याला कडेवर घेऊन भात रांधते, ती कुठल्या अवस्थेत?" पक्या गप्प. मग म्हणाला, "ऑप्शन बी लिहा."

आणि ते गोळे! उत्तराचा गोल पेनानं काळा करायचा, रेघेबाहेर जायचं नाही. आयुष्यभर पोरांना "रेघेच्या आत, रेघेच्या आत" सांगितलं, आणि स्वतःचा हात थरथरतोय. पक्यानं मग चितारायची युक्ती दाखवली. मनगट टेकवायचं, आधी कड, मग आत भरायचं. गणपतीची बुबुळं अशीच भरतात म्हणे.

आता ऐका खरी मजा. त्या हायवेलगतच्या बंगल्यातल्या, ज्यांचा मुलगा व्हॅननं पेणला इंग्लिश मीडियमला जातो त्या… कुणाच्या तरी पूजेची गोष्ट. भर बायकांत विचारलं, "बाई, टीचर्सचीच एक्झाम? आणि फेल झालात तर?" सगळ्या शिऱ्याच्या वाट्या हातात धरून थिजल्या. बाईंनी शांतपणे घास गिळला. म्हणाल्या, "मग तुमच्या मिस्टरांची चौथी परत तपासावी लागेल. त्यांना मीच पास केलंय." अहो, त्या मिस्टरांची आईच शेजारी बसलेली, तीच सगळ्यांत आधी हसली! वाटी तशीच ठेवून गेल्या बंगलेवाल्या. शिरा होता बरं, साजूक तुपातला.

पुढं तर नुसती धावपळ. 23 ला पेपर, त्याच्या आधी कोल्हापूरकडे पेपर फोडणारी टोळी पकडली म्हणून बाईंची झोप उडालेली, परीक्षाच रद्द होते की काय! ती झाली. मग 2 डिसेंबरला पेण नगरपरिषदेचं मतदान, तिथं ड्यूटी. मग 5 डिसेंबरला राज्यभर शाळा बंद, शिक्षकांचा मोर्चा. टीईटीची सक्ती नको, शाळा बंद करू नका, असं बरंच. एक दिवसाचा पगार कापणार म्हणालं सरकार. बाई गेल्या. आमच्या ह्यांनी विचारलं, "परीक्षाही दिलीत आणि परीक्षेविरुद्ध मोर्चाही?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, पेपर माझ्यासाठी दिला, मोर्चा सगळ्यांसाठी." ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला, तो उलटा होता.

मतमोजणीही पुढं ढकलली होती 21 डिसेंबरवर, आणि बाईंचा निकाल तर अजून माझ्या कानावर आलेला नाही. पक्यानं आठवतील तसे प्रश्न विचारून हिशोब केला. नव्वदच्या वर जातात म्हणाला. बाई म्हणाल्या, "तू मला खूश करायला सांगतोयस." चौथीतल्या पोरासारखी मान खाली घातली त्यानं, म्हणजे थोडे वाढवलेच असणार.

मला विचाराल तर बाई होतात पास. नाही झाल्या तर कोर्टानं दिलेली दोन वर्षांची मुदत आहे, आणि शिकवायला पक्या आहेच, त्याला कोण नोकरी देतंय! परीक्षा पास झालेला बाहेर आणि नोकरीतली बाई परीक्षेला, कुठला हा न्याय? कुणी तरी दोघांनाही शाळेत घ्या की हो, वाडीवर मास्तर दोनच आहेत.

बरं, एक राहिलंच. तुमच्या माहेरी, नागोठण्याकडे, कुणी मुलगी असेल तर सांगा पक्यासाठी. टीईटी पास आहे, हात चांगला आहे, बाईंनी घडवलेला आहे. नोकरीचं तेवढं पहिल्याच बैठकीत विचारू नका म्हणावं.