बोकड शाबूत आहे का?

स्वीडनमधल्या येव्ले शहराच्या चौकात दर डिसेंबरला पेंढ्याचा एक बोकड उभा राहतो. उंची सुमारे १३ मीटर, वजन तीन टनांच्या वर. स्टॉकहोमहून उत्तरेकडे जाणारी आगगाडी प्रवाशाला दीडेक तासात तिथे पोचवते. तोवर बोकड जागेवर असेल याची हमी मात्र तिकिटात धरलेली नाही. १९६६ पासून निम्म्याहून अधिक वेळा तो कोणीतरी पेटवला, मोडला किंवा गाडी घालून पाडला आहे.

सांता क्लॉज रुळण्याआधी या मुलखात नाताळच्या भेटींचे खाते बोकडाकडे होते. आजही घराघरांत पेंढ्याचे वीतभर बोकड मांडले जातात. हा बोकड थॉर देवाच्या रथाच्या दोन बोकडांचा वंशज, असे सांगतात. थॉर रात्री त्यांना कापून खाई आणि सकाळी हातोडा फिरवून पुन्हा उभे करी. येव्लेकरांनी यातला दुसरा भाग नेटाने चालवला आहे. पहिला भाग चालवणारेही गावातच असतात.

चौकातला बोकड स्तिग गाव्लेन या जाहिरात सल्लागाराला सुचला. शहराच्या दक्षिण भागातल्या दुकानांकडे गिऱ्हाईक वळावे, एवढाच हेतू. बांधणी अग्निशमन दलाने केली, कारण दलाचा प्रमुख गाव्लेनचा सख्खा भाऊ होता. तो पहिला बोकड ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जळाला. होळीसाठी शेजाऱ्यांची लाकडे पळवणाऱ्या पोरांना हे कोडे सोडवून सांगावे लागणार नाही.

स्वीडनमध्ये मात्र बोकड जाळणे हा गुन्हा आहे, आणि तो एका पाहुण्याला फार महागात पडला. २००१ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ नाताळला येव्लेत आले आणि त्यांनी बोकडाला काडी लावली. बोकड जाळणे हा इथला कायदेशीर रिवाजच आहे, असे स्थानिक मित्रांनी सांगितल्याचे त्यांचे म्हणणे. मित्रांचा सल्ला ऐकून सण साजरा केला की काय होते ते पुढे दिसले: १८ दिवस कोठडी आणि एक लाख क्रोनरची भरपाई. शिवाय या माणसाला लायटर हाताळता येत नाही, असे म्हणून न्यायालयाने तो जप्त केला. स्वीडिश विनोद कोरडा असतो म्हणतात. हा तर निकालपत्रात निघाला.

पुढच्या हल्लेखोरांनी सणाचे भान राखले. २००५ मध्ये सांता आणि जिंजरब्रेडचा बाहुला अशा वेशात आलेल्यांनी पेटता बाण सोडून बोकड जाळला. २०१० मध्ये हेलिकॉप्टरने बोकड स्टॉकहोमला पळवण्यासाठी पहारेकऱ्याला लाच देऊ केल्याची बातमी झाली. ती त्याने घेतली नाही. २०१६ चा पन्नाशीचा बोकड तर उद्घाटनानंतर काही तासांतच गेला. अशा वेळी पोरांना घेऊन लांबून आलेल्या कुटुंबाला काळवंडलेला सांगाडा पाहावा लागतो. त्या पोरांना यातली गंमत कोण समजावणार? जाळणाऱ्याने निदान तेवढे थांबून दाखवावे.

बाकी शहर पाहायचे तर १८६९ च्या मोठ्या आगीतून वाचलेली जुनी लाकडी घरे आहेत आणि केशर घातलेला गोड पाव मिळतो. दिवस तिनाच्या आत मावळतो, त्यामुळे दोन्ही घाईने उरकावे.

कुंपण, कॅमेरे, आगरोधक द्रव्याचे हात, दिवसरात्र पहारा असे सगळे करून झाल्यावर २०२३ मध्ये संकट आकाशातून आले. त्या वर्षीच्या ओल्या हवेमुळे पेंढ्यात दाणे शिल्लक राहिले होते. कावळ्याच्या कुळातले जॅकडॉ पक्षी थव्याने येऊन बोकड सोलू लागले. नाताळात पक्ष्यांसाठी धान्याची पेंढी बाहेर टांगण्याची त्या देशातली चाल जुनी आहे, तेव्हा पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर यजमानांनी या वर्षी फारच मोठी पेंढी मांडली होती. पहारेकऱ्यांना तक्रार तरी कोणावर करता येणार? पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, बोकड ना पेटला ना कोणी खाल्ला. जानेवारीत तो रीतसर उतरवला गेला.