पाठ भिंतीला

आप्पांना दिवाळीत मिठी मारू नये. कुठे ना कुठे टोचतं. मी मारली, तर बरगडीला काहीतरी थंड आणि कडक लागलं. "ती बॅटरी आहे," आप्पा धीर देत म्हणाले, "गुप्ती या बाजूला."

असा एक काका, मामा नाहीतर शेजारी प्रत्येकाला असतोच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. आमचे आप्पा मूळ अमळनेरकडचे. सुरतेत पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये जन्म काढला आणि रिटायर होऊन डिंडोलीत राहिले. आजवर त्यांच्या अंगावर कुणी धावून गेलेलं नाही. चोरी एकदाच झाली, ती चपलांची, हरिनाम सप्ताहाच्या मांडवातून. तरी डाव्या खिशात मिरचीचा फवारा, उजव्यात किल्ल्यांचा जुडगा आणि कमरेला जाड बकलाचा पट्टा. "पट्टा हाणायला काढलात तर पँटचं काय?" असं मी एकदा विचारलं. उत्तर आलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पट्ट्याखाली नाडी दिसू लागली. कशाहीबद्दल छेडलं की अहिराणीत एकच वाक्य, "येळ काय सांगीसन येस का?"

हे सगळं परवडलं. परवडत नाही ती भिंत. आप्पा बसतील तिथे त्यांची पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे हवं. लोचो खायला गेलो की सगळं दुकान मोकळं असूनही आम्ही भिंतीकडचं टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभे, आणि गरम लोचो जागेवर थंड. बसमध्ये शेवटचं सीट, खड्ड्यांसकट. केस कापायला बसले की मागे न्हावी उभा राहतो हेच त्यांना पटत नाही. आरशात त्याच्यावर असा डोळा ठेवतात की त्याचा हात कापतो आणि आप्पांचे कल्ले वरखाली होतात. भाचीच्या लग्नात अक्षता टाकायला सगळे पुढे सरकले, आप्पा मांडवाच्या कनातीला टेकले. कनात म्हणजे भिंत नव्हे हे त्यांना जरा उशिरा कळलं. जुलै २०२४ मध्ये लंडनची वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा खास रेल्वेने जाऊन आले. "कशी होती?" विचारलं, तर म्हणाले, "गर्दी फार. मी भिंतीकडून बघितली." म्हणजे लोकांची डोकी बघितली.

मिरचीच्या फवाऱ्याची चाचणी त्यांनी जिन्यात घेतली. चारही मजले खोकून खोकून लाल झाले, पण एकही दार उघडलं नाही. इमारत सगळी खान्देशी. कुणीतरी काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजतंय, एवढीच नोंद झाली.

कायदा आप्पांना निम्मा पाठ आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रात धरतात, घरकामाची आणि शेतीची सोडून, हे त्यांना माहीत. म्हणून सुरी घेताना दुकानात स्वतःची मोजपट्टी काढली. गुप्ती त्याच यादीत आहे, हे सांगितलं की ऐकू कमी येतं. सुरतेचे पोलीस आयुक्त अधूनमधून जाहीरनामा काढतात, आणि ज्या कलमाखाली तो निघतो त्यात तलवार-भाल्यांबरोबर साधी काठीही बसते. नाकाबंदीत हवालदाराने डिकी उघडायला लावली, तेव्हा आप्पा दांडक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कुत्र्यासाठी." हवालदाराने विचारलं, "आणि गुप्ती? तीही कुत्र्यासाठीच?" त्या रात्री त्यांना सोडवायला मी गेलो होतो. चौकीतही ते भिंतीलाच टेकून बसले होते. तिथे बाकडंच तसं होतं.

आत्मसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेतही आहे, हे ते छातीठोक सांगतात. पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची मुभाही नाही, हे त्याच संहितेचं ३७वं कलम त्यांच्या पुस्तकातून फाटलं असावं.

इतिहासाचीही तीच गत. तापीकाठच्या किल्ल्यात त्यांनी मला १६६४चा जानेवारी सांगितला. सुभेदार इनायतखानाचा वकील बोलणी करायला आला आणि शिवाजी महाराजांवर खंजीर घेऊन धावला. पहारेकऱ्याने वेळीच त्याचा हात उडवला. "बघ! येळ काय सांगीसन येस का?" मी म्हटलं, आप्पा, पण खुद्द इनायतखान कुठे होता? याच किल्ल्यात, भिंतीला पाठ लावून. बाहेर शहर लुटलं गेलं. आणि स्वतःच्या बळावर वखार राखली ती ऑक्झेंडनच्या इंग्रजांनी आणि डचांनी. शस्त्र बाळगण्याचा सुरतेतला सगळ्यात चांगला दाखला इंग्रजांच्या नावावर निघावा, हे आप्पांना इतकं लागलं की घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

पण खरा घाव बसला महिधरपुऱ्यात. हिरेबाजार आप्पांनी पाहिला नव्हता. तिथे दलाल रस्त्यात उभ्या केलेल्या स्कूटरवर बसतात, शर्टाच्या आतल्या खिशातून कागदाची पडीकी काढतात आणि भर गर्दीत डोळ्याला भिंग लावून लाखांचा माल बघतात. आप्पांना घाम फुटला. "अरे, हा पाठ रस्त्याकडे करून बसलाय!" माझ्या ओळखीच्या दलालाने मान वर केली, आप्पांचे फुगलेले खिसे न्याहाळले आणि म्हणाला, "काका, हथियार राखीए तो बधाने खबर पडे के माल छे." आप्पांच्या पाकिटात तेव्हा रेल्वेचा पास आणि दोनशे रुपये होते.

इथेच थांबलो असतो, पण गेल्या गणपतीतली गोष्ट सांगितली नाही तर अन्याय होईल. वर्गणीवरून गल्लीत बाचाबाची झाली आणि लूमवर काम करणाऱ्या एका पोराने सुरी काढली. प्यालेला होता. मंडळाचे कार्यकर्ते ज्याच्या त्याच्या दाराआड गेले. मीही गेलो. आप्पा मात्र चालत गल्लीच्या मधोमध आले. पाठ उघडी, सगळ्या गल्लीकडे. ना गुप्ती काढली, ना फवारा. पोरापासून चार हातांवर थांबले आणि म्हणाले, "जेवना का रे भाऊ?"

पोरगा गोंधळला. मग ओट्यावर बसून रडायला लागला. दोन महिन्यांचा पगार अडकलेला, गावाकडे बायको बाळंतपणाला. आप्पांनी त्याच्या हातातली सुरी अलगद काढून घेतली आणि सवयीने स्वतःच्या खिशात टाकली. काकूंनी भाकरी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "एवढी हत्यारं जवळ असून एकही आठवलं नाही?" आप्पा चिडले. "मी अंदाज घेत होतो," म्हणाले, आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली.

माझं मत विचाराल तर पोलिसांनी आप्पांची गुप्ती एकदाची जप्त करावी, आणि आप्पांना मात्र गल्लीतून हलू देऊ नये.