पहिलीच्या वर्गाला वाचनापासून कसं सांभाळावं

जूनमध्ये पहिलीत येणारं मूल अगदी कोरं नसतं. कुरकुऱ्यांचं पाकीट, गावाकडच्या एसटीची पाटी ते ओळखतं. ही सवय पहिल्या आठवड्यातच मोडावी. वाचलेल्याला अर्थ असतो, अशी समजूत एकदा झाली की पुढे फार त्रास होतो.

त्यावर उतारा बाराखडी. 34 व्यंजनं, प्रत्येकाची 12 रूपं, म्हणजे 408 घरं. काही उतावळे शिक्षक क, म, ळ, र अशी चार-पाच अक्षरं आणि एक काना घेऊन सुरुवात करतात. मुलं लगेच 'कमळ', 'मका' वाचू लागतात, आणि मग 'ञ'ची बाराखडी कोण गिरवणार? 'ञै' आयुष्यात कुठेच लागत नाही, म्हणूनच तर ते शाळेत शिकवायचं. सगळं चालीवर म्हणून घ्यावं, धडेसुद्धा. तपासणीला मुलाचं बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर असतं. साहेब तोंडाकडे बघतात.

लेखनात जास्त सावध राहावं. 'माज्या शेळीला दोन पिल्लं झाली' असं कुणी लिहून आणलं, तर शेळीची चौकशी करू नये. 'ज्या'भोवती लाल गोल काढावा आणि 'माझ्या' दहा वेळा लिहायला सांगावं. असे चार गोल पडले की मूल शेळीचं नाव काढत नाही, मुकाट्याने फळ्यावरचं उतरवतं. त्याला आपण शुद्धलेखन म्हणतो. एवढ्यानेही वेळ उरलाच, तर 2009चा शासन निर्णय आहे. त्यात ल पाकळीचा आणि श देठाचा ठरला; वडील घरी दांडीचा ल गिरवून घेत असतील, तर अर्धं सत्र त्यातच निघतं.

गोष्टींची पुस्तकं साठा नोंदवहीत चढवून काचेच्या कपाटात ठेवावीत, किल्ली मुख्याध्यापकांकडे. पुस्तक फाटलं तर वसुली होते. मूल वाचायचं राहिलं तर कुणाकडूनच होत नाही.

कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा नेली होती. प्रशिक्षणात त्याबद्दल आदराने मान डोलवावी. कुरणात कपाट कुठे ठेवायचं, हे मात्र विचारू नये.

इतकं करूनही एखादी पोरगी मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून पुस्तकांची नावं वाचताना सापडतेच. रागावू नये. तिचं नाव टिपून ठेवावं. पुढच्या तपासणीला तिलाच उभी करायची आहे.