सोफ्याचा महजर

आमच्या दिवाणखान्यातील जुना सोफा गेल्या आषाढात अखेर निकालात निघाला, आणि त्याचा अंत त्याच्या घडणीइतकाच अप्रामाणिक होता. सहा वर्षांपूर्वी ‘अगदी लेदरच समजा’ या आश्वासनावर आमच्या गळ्यात बांधलेले त्याचे आवरण पुण्याच्या पावसाळी दमटपणात प्रथम चिरले, मग त्याचे पापुद्रे सुटू लागले, आणि शेवटी अशी अवस्था प्राप्त झाली की एखादा गृहस्थ आमच्याकडे बसून गेला आहे हे तो पाठमोरा होताच साऱ्या पेठेस कळावे. स्थळाच्या बोलणीसाठी आलेले एक वृद्ध सद्गृहस्थ उठताना आपल्या शुभ्र धोतरावरून मूठभर तपकिरी पापुद्रे झटकत अत्यंत सौजन्याने म्हणाले, “असू द्या, झाड म्हटले की पानगळ आलीच.” स्थळ अर्थातच पुढे सरकले नाही. त्याच रात्री घरात नवा, चांगल्या बांधणीचा सोफा घेण्याचा ठराव एकमताने संमत झाला. मतभेद उरला तो केवळ रंग, आकार, किंमत आणि दुकान यांच्यापुरता.

येथे वाचकांची क्षमा मागून थोडे विषयांतर करतो. सोफा हा शब्द मूळचा अरबी ‘सुफ्फा’. त्याचा अर्थ बसण्यासाठी केलेला उंचवटा, ओटा. आमच्या वाड्यांतला ‘सोपा’ त्याच कुळातला असावा असा आमचा तर्क आहे, आणि तो खोडून काढण्याइतकी विद्वत्ता घरात अन्य कोणापाशी नसल्याने तो आजवर अबाधित राहिला आहे. ज्याला ‘दिवाण’ म्हणून आपण भिंतीशी लावतो तो तर खास सरकारी माणूस. फारसीत दिवाण म्हणजे आधी हिशेबाची वही, मग ती वही ठेवण्याची कचेरी, आणि कालांतराने त्या कचेरीत भिंतीलगत घातलेली गादीची बैठक. आज त्या दिवाणाच्या पोटात आपण जुन्या गोधड्या भरतो आणि दिवाणी न्यायालयाच्या पोटात जुने दावे, आणि दोन्ही ठिकाणी एकदा आत गेलेला ऐवज नातवंडांच्या हयातीपूर्वी बाहेर येत नाही. ‘टीपॉय’ची कथा याहून केविलवाणी आहे. आपली तीन पायांची साधी तिपाई साहेबाने उचलली, तिच्या नावात त्याला चहा ऐकू आला, आणि आता चार पायांची ती वस्तू आपणच त्याच्याकडून उसनी आणल्याच्या कृतज्ञतेने तिच्यावर चहा ठेवतो.

शनिवार पेठेतील आमच्या वाड्यात सोफा नव्हता, कारण सोपा होता. जोत्याच्या तीन पायऱ्या चढताच दोन सागवानी खांब, त्यांच्यामागे जाजम, भिंतीशी लोड आणि तक्के, आणि कोपऱ्यात अडकित्त्यासह पानाचा डबा, एवढ्या सरंजामावर भाडेकरूंचे नळाचे तंटे, भिक्षुकांच्या दक्षिणेची घासाघीस आणि पोस्टमनची विश्रांती ही सर्व कामे यथासांग चालत. बसणाऱ्याची पाठ दुखली तर तो लोड बदली, यजमान बदलीत नसे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा हा सोपा पाण्याखाली गेला आणि चिखल काढायला आठवडे लागले. खांब मात्र तसूभर हलले नाहीत. पुढे विकसकाच्या यंत्राने तेच खांब एका दुपारी आडवे केले. आता तेथे सात मजल्यांची इमारत उभी असून सोप्याच्या जागी वाहनतळ आहे, आणि आम्ही पाचव्या मजल्यावर, सोफा शोधत.

दुकाने पाहू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की सोफा ही बहुधा एकमेव वस्तू असावी जिचे गुण सर्वस्वी आत असतात आणि जिचा आतला भाग पाहू मागणे हा शिष्टाचाराचा भंग समजला जातो. आंब्याची पेटी आपण तळापर्यंत उपसून पाहतो, शेवग्याची शेंग वाकवून पाहतो; परंतु जी वस्तू पन्नास हजार रुपयांना घ्यायची आणि जिच्यावर उर्वरित आयुष्य टेकायचे, तिच्याविषयी आम्ही लाकूड विचारावे आणि विक्रेत्याने ‘फिनिश’ सांगावे, आम्ही फोम विचारावा आणि त्याने दोन उशा मोफत देऊ कराव्यात, आम्ही सांधे कसे जोडले आहेत म्हणून पृच्छा करावी आणि त्याने मासिक हप्त्यांचे कोष्टक पुढे सरकवावे, असा संवाद तीन दुकानांत अक्षरशः एकाच क्रमाने घडला. चौथ्या दुकानात आम्ही सोफा उलटा करून दाखवण्याची विनंती केली. क्षणभर दुकानात शांतता पसरली. आमच्या सौभाग्यवती, जणू आम्ही परक्या घरात जाऊन कोणाचे कपाट उघडले असावे अशा मुद्रेने, पडद्यांच्या विभागात निघून गेल्या. “काका,” विक्रेता दुखावलेल्या स्वरात म्हणाला, “असं कोणी करत नाही.”

केले, आणि पाहिले. तळाशी टाचलेल्या काळ्या पातळ कापडाची एक कड उसवताच जे दिसले त्याचा पंचनामा येणेप्रमाणे: चौकट लाकडाची म्हणून सांगितलेली, प्रत्यक्षात भुसा चिकटवून केलेल्या पाट्यांची, सांधे स्टेपलच्या पिनांनी मारलेले, जणू काही शाळेचे प्रगतिपुस्तक जोडावे, आणि आसनाखाली स्प्रिंगांऐवजी चार लवचिक पट्टे, त्यांपैकी एक दुकानातच सैलावलेला. त्यानंतर आम्ही एका जाणकाराने शिकवलेली परीक्षा घेतली. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलावा. चौकट मजबूत असेल तर दुसरा पुढचा पायही लागलीच जमीन सोडतो, आणि कमकुवत असेल तर सारा देह पिळवटतो पण दुसरा पाय हटवाद्यासारखा जमिनीस चिकटून राहतो. या सोफ्याने दुसरा पाय उचलला नाही. उलट त्याच्या आतून असा एक आवाज आला की विक्रेत्याने आम्हांस बाजूला सारून तो स्वहस्ते खाली ठेवला.

फोमची कथा स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९३७ साली पॉलियुरेथीनचे रसायन सिद्ध केले, तेव्हा पुढे त्याच्या स्पंजावर साऱ्या भारतातील मध्यमवर्ग बसेल आणि बसून खचेल याची त्यास कल्पना असण्याचे कारण नव्हते. दुकानदारांच्या भाषेत हा फोम ‘बत्तीस डेन्सिटी’ किंवा ‘चाळीस डेन्सिटी’ असतो, आणि हे आकडे ते अशा गूढ आवाजात उच्चारतात की ऐकणाऱ्यास ते राशीनक्षत्रांचे गुण वाटावेत. वस्तुतः अर्थ अगदी सरळ आहे. एक घनमीटर फोमचे वजन जितके किलो, तितकी त्याची डेन्सिटी. तिचा मऊ-कठीणपणाशी थेट संबंध नाही, टिकण्याशी आहे. यावरून गणित असे निघते की दहा सेंटीमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा चाळीस डेन्सिटीचा ठोकळा बरोबर ४० ग्रॅम भरला पाहिजे. आम्ही तसा ठोकळा कापून मागितला आणि तो घेऊन समोरच्या सराफाकडे गेलो. सराफाने तो काट्यावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि गंभीरपणे सांगितले, “सव्वीस ग्रॅम. हॉलमार्क हवाय का?” आम्ही परत जाऊन ही तफावत निदर्शनास आणली, तेव्हा विक्रेता म्हणाला की हवेत हलका होतो.

कापडाची परीक्षा मात्र शास्त्रीय असते हे कबूल केले पाहिजे. मार्टिंडेल नामक यंत्रावर कापडाचा तुकडा ठरावीक दाबाखाली लोकरी कापडाशी घासत राहतात आणि तो झिजेपर्यंतचे फेरे मोजतात. घरगुती वापरास वीस-पंचवीस हजार फेरे पुरेसे समजतात. आमच्याकडे देणगीची पावतीपुस्तके घेऊन येणाऱ्यांची चुळबूळ त्या यंत्राच्या हिशेबात धरलेली नसावी.

याच सुमारास घरातील मसलत हातघाईवर आली. चिरंजीवांना पाय पसरता येणारा, कळ दाबताच मागे झुकणारा सोफा हवा होता. सूनबाईंना फिकट राखाडी रंग हवा होता, जो घरात दोन वर्षांचे मूल असताना केवळ आदर्शवादाने निवडता येतो. आणि न्यू जर्सीहून कन्या चित्रफोनवर रोज रात्री एक नवे छायाचित्र दाखवून, “बाबा, हा बघा, किती साधा आहे,” असे म्हणे. तो साधेपणा आमच्या वार्षिक निवृत्तिवेतनाच्या तोडीचा असे. सौभाग्यवतींची अट एकच होती. “अहो, काहीही घ्या, पण उठता आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या, आणि पंधरा दिवसांच्या चर्चेत सोफ्याच्या मूळ प्रयोजनाविषयी उच्चारलेले हे एकमेव वाक्य होते. आसन जमिनीपासून सतरा-अठरा इंचांहून खाली गेले की गुडघे दुखणाऱ्यास उठण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो, आणि हल्लीचे देखणे सोफे चवदा-पंधरा इंचांवर विराजमान झालेले असतात.

अखेर आम्ही दुकानांचा नाद सोडून भवानी पेठेतील टिंबर मार्केटची वाट धरली आणि एका मिस्त्रींच्या पत्र्याच्या शेडमध्ये प्रवेश केला. तेथे विक्रेता नव्हता, हप्त्यांचे कोष्टक नव्हते, आणि सोफे जन्मतःच उलटे पडलेले असल्याने उलटे करण्याची गरज नव्हती. मिस्त्री पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान वापरीत. सत्तर-ऐंशी वर्षे मुरलेले ते लाकूड आता नव्याने वाकणार नाही, एवढेच त्यांनी त्याच्याविषयी सांगितले. हे आमच्याच वाड्याचे तर नसेल, असे आम्ही कातर स्वरात विचारले. रंधा न थांबवता ते म्हणाले, “साहेब, प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारतं. मी सगळ्यांना हो म्हणतो. तुम्हाला काय सांगू?”

चौकट सागवानी, सांधे खाचेत कुसू ठोकून, सरस लावून, वर लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले, आसनाखाली नागमोडी पोलादी स्प्रिंगा, त्यांवर चाळीसचा फोम, जो आम्ही सराफाच्या काट्यावर घालून घेतला आणि जो एकोणचाळीस भरला, आसनाची उंची अठरा इंच, वर जाड विणीचे विटकरी कापड, कारण राखाडी आणि निळा हे दोन पक्ष एकमेकांस शरण जाण्यास तयार नव्हते. लांबी साडेसात फूट, कारण दिवाणखान्याची भिंत आम्ही तीनदा मोजली होती. मुदत पंधरा दिवसांची ठरली आणि सोफा सव्वादोन महिन्यांनी आला, यात आम्हांस काहीच गैर वाटले नाही. कारण ज्या कारागिराने मुदत पाळली त्याचे सांधे आम्ही पुन्हा तपासले असते.

सोफा आला. चार हमालांनी तो टेम्पोतून उतरवला, उद्वाहनाकडे पाहिले, मान हलवली आणि दोरखंड बांधून जिन्याने पाचवा मजला गाठला. दाराशी आल्यावर आम्हांस एका तपशिलाचा साक्षात्कार झाला. भिंत तीनदा मोजली होती; दार कोणी मोजले नव्हते. चौकट, तिच्यापुढचे सुरक्षेचे लोखंडी दार आणि त्यामागे काटकोनात वळणारा अरुंद बोळ वजा जाता माणसास प्रवेश करण्यापुरती चौतीस इंचांची वाट उरत होती, आणि सोफा खोलीने अडतीस तर उंचीने छत्तीस इंच होता. तो उभा केला, आडवा केला, तिरपा केला. एका हमालाने त्यास उद्देशून जे शब्द वापरले ते येथे देत नाही. मिस्त्रींना दूरध्वनी केला. बाजारू सोफ्याचे हात आणि पाय चार स्क्रू काढताच सुटे होतात, असे ते म्हणाले, आणि मग अभिमान व खेद यांच्या मिश्रणाने पुढे म्हणाले की हा सुटणार नाही. “हात कापून देऊ का?” त्यांनी विचारले. सौभाग्यवतींनी परस्पर नाही म्हणून सांगितले. चौथ्या दुकानातला तो पिळवटणारा सोफा या दारातून सहज आत गेला असता, हा विचार त्या वेळी सर्वांच्याच मनात आला असावा. उच्चारला कोणीच नाही.

हमालांनी सोफा पुन्हा खाली नेला आणि तात्पुरता म्हणून वाहनतळात, आमच्या मोटारीच्या जागेलगत, भिंतीशी टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पहारेकरी बसलेला होता. तिसऱ्या दिवशी दूधवाला, पहिल्या मजल्यावरील आजोबा आणि कुरियर पोहोचवणारा एक मुलगा असे तिघे बसून पाण्याच्या टँकरविषयी बोलत होते. आठवड्याच्या आत तळमजल्यावरील नळाचा एक जुना तंटा तेथे मिटला. नंतर आजोबांनी आपला पानाचा डबाच खाली आणून ठेवला, आणि एका संध्याकाळी सौभाग्यवती भाजी निवडण्यास खाली गेल्या त्या साडेआठपर्यंत वर आल्या नाहीत.

मग सूचनापत्र आले. सामायिक जागेत खाजगी फर्निचर ठेवून गृहनिर्माण संस्थेच्या नियमांचा भंग केल्याबद्दल आम्ही पंधरा दिवसांत समक्ष हजर राहून कैफियत द्यावी, अन्यथा सदर वस्तू हटवून खर्च आमच्या देखभाल शुल्कात वळता करण्यात येईल, असा त्याचा आशय होता. सुनावणी रविवारी सकाळी दहा वाजता वाहनतळातच ठेवण्यात आली, कारण संस्थेला कचेरी नाही. आम्ही वेळेवर गेलो. पूर्वी अशा निवाड्याचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्या गोताची नावे पडत. येथे सचिवांनी वही उघडून आधी सभासदांच्या सह्या घेतल्या, मग तक्रार वाचून दाखवली आणि सोफा हटवण्याचा ठराव मांडला. खजिनदारांनी अनुमोदन दिले. अध्यक्षांनी जाड विटकरी हातावर कोपर टेकून, पाठ मागे सोडून, विरोधात कोणी आहे काय असे विचारले. साडेसात फुटांवर ते पाचही जण आरामात मावले होते. आम्ही कैफियत उभ्यानेच दिली.