साळुंक्यांना आवतण, कावळ्यांची पंगत

पाखरांना अंगणात बोलवावं आणि पंगतीला भलतेच पाहुणे येऊन बसावेत, या नगरी प्रकाराची लेखी नोंद थेट नगरच्या भुईकोट किल्ल्यात सापडते. ‘चले जाव’च्या ठरावानंतर ऑगस्ट 1942 मध्ये इंग्रजांनी काँग्रेसच्या कार्यकारिणीला इथं आणून कोंडलं. नेहरूंनी आवारात खणायला घेतलं. जमीन म्हणजे दगडगोटे आणि जुन्या बांधकामांचा राडारोडा. तरी वाफे झाले, पुण्याहून बी आलं, फुलंही लागली. मौलाना आझाद तिथंच बसून एका स्नेह्याला पत्रं लिहीत होते. ती पाठवायची सोय नव्हती. पुढं 1946 मध्ये ‘गुबार-ए-ख़ातिर’ नावानं त्यांचं पुस्तक झालं. त्यात सोबतचे कैदी डॉ. सय्यद महमूद भेटतात. हे गृहस्थ रोटीचे तुकडे घेऊन अंगणात उभे राहत आणि साळुंक्यांना ‘आ, आ’ करून बोलवत. साळुंक्यांनी ढुंकून पाहिलं नाही. कावळे मात्र चारी दिशांनी हजर.

खुद्द मौलानांचं चिमण्यांशी वाजलं होतं. खोलीत घरटी करू नयेत म्हणून त्यांनी छत्री उगारून युद्ध पुकारलं. चिमण्या हटेनात. मग गालिच्यावर तांदळाचे दाणे टाकून तह झाला आणि तो इतका टिकला की चिमण्यांना कलंदर, मोती अशी नावंही मिळाली. साम्राज्याशी टक्कर घेणारा माणूस पसाभर चिमण्यांपुढं नमला, याचा नगरकर म्हणून मला फार आधार वाटतो.

कारण सावेडीतल्या आमच्या परसात हेच चालू आहे. चिरंजीवांनी पुण्याहून ‘बर्ड फीडर’ पाठवला. हिरव्या छपराचं प्लास्टिकचं घर, सोबत दाण्यांची पिशवी आणि पिशवीवर एका परदेशी पक्ष्याचा फोटो. तो पक्षी मनमाडपर्यंत जरी आला तरी मी स्टेशनवर हार घेऊन जाईन. फीडर टांगला आणि पहिल्या दिवसापासून पारव्यांनी ताबा घेतला. पारवे उठले की खार. खार उठली की पुन्हा पारवे. दोघांच्या पाळ्या साखर कारखान्यातसुद्धा इतक्या नेमानं बदलत नसतील.

आईला हा सगळाच व्यवहार मंजूर नाही. तिचं माहेर जामखेडकडचं, रब्बी ज्वारीच्या मुलखातलं. कणसात दूध भरलं की भोरड्यांचे थवे उतरायचे. ही पाखरं मध्य आशियाकडून हिवाळा काढायला येतात, हे आई शाळेत शिकली नाही. तिच्या लेखी ती थेट तिच्या वडिलांच्या वावरात जेवायला यायची. मग पोरांनी माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा. सगळं बालपण पाखरं हाकलण्यात गेलेल्या बाईच्या पोटी पाखरांना बाजारची ज्वारी घालणारा मुलगा निघाला. “पैशे देऊन पाखरं बोलावतो?” तिनं विचारलं. “मग माझ्या बापानं मला फुकट उन्हात उभं केलं व्हय!” भोरड्या टोळही फस्त करतात, म्हणजे शेतकऱ्याच्या मित्रच, असं मी सांगून पाहिलं. “मित्र असत्या तर इचारून आल्या असत्या,” आई म्हणाली.

गंमत अशी, की आमच्याकडं पाखरं येतात ती फीडरच्या उलट बाजूला, जिथं मी काहीच केलेलं नाही. कुंपणाकडेचा कढीपत्ता वाढून झाड झाला. त्याची फळं काळी पडू लागली की कोकीळ आणि बुलबुल येतात, खातात, बिया इकडंतिकडं पाडतात; आता गल्लीत ज्याच्या त्याच्या दारी कढीपत्ता उगवतो आणि आभार कुणी मानत नाही. लिंबावर फुलपाखराच्या अळ्या असतात, लहानपणी विष्ठेसारख्या दिसणाऱ्या. औषध मारा, असं नर्सरीवाला सांगतो. पण दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना भरवते अळ्या आणि किडे. पिल्लांचं अंग त्यावरच भरतं. म्हणजे अळ्या मारायच्या आणि चिमण्या कुठं गेल्या म्हणून 20 मार्चला जागतिक चिमणी दिनी हळहळायचं, हे काही खरं नाही. मी औषध मारत नाही. यात तत्त्व किती आणि पंप खांद्यावर घ्यायचा कंटाळा किती, याची वाटणी मी कधी केली नाही.

पाचोळ्याचा वाद मात्र घरगुती आहे. बायको रोज पहाटे खराटा घेते. मी तो पेरूखाली फिरू देत नाही, कारण त्या पाचोळ्यात सातभाई येतात. सातआठ जण एकदम, पानं उलटीपालटी करत, सगळे एकाच वेळी बोलत, कुणाचंच कुणी न ऐकत. “ग्रामसभा भरली,” बायको म्हणते. पण हल्ली तिचा खराटा पेरूच्या अलीकडंच थांबतो. तिच्या अनंताच्या झाडावर शिंप्यानं दोन पानं टाके घालून जोडली आणि आत कापूस भरला, तेव्हापासून ती बदलली. तो कापूस आमच्या गादीतला होता, हे तिला मी सांगितलेलं नाही.

जास्वंदीवर शिंजीर येतो. फुलात तोंड घालून रीतसर मध प्यावा, तर तसं नाही. पाकळ्यांच्या बुडाशी बाहेरून भोक पाडून मागच्या दारानं पितो. शेवगा फुलला की मात्र पुढच्या दारानं.

पाण्याचं म्हणाल, तर आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला. मे महिन्यात आमच्याकडं टँकरची वाट माणसं आणि बुलबुल एकत्र पाहतात. पाखरांसाठी मातीची उथळ परात पुरते, बोटाच्या दोन पेरांइतकं पाणी आणि मधे एक दगड. रोज बदलायचं, नाहीतर पाखरांआधी डास संसार मांडतात.

शेजारच्या साहेबांनी संगमरवरी कारंजं बसवलं. खोल आहे, काठ गुळगुळीत. पाखराला पाय टेकायला जागा नाही. त्यांचं लॉनही असं, की पान पडलं तर त्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. आठवड्याला फवारणी. किडा नाही, अळी नाही, म्हणून पक्षीही नाही. साहेबांना पक्ष्यांची हौस मात्र दांडगी. आमच्याकडचा किलबिलाट ऐकून ते भिंतीवरून विचारत, “तुम्ही कोणतं खत घालता?” मी म्हणे, “दुर्लक्ष.” ते वहीत लिहून घेत.

शेवटी त्यांनी मोबाइलवर दयाळाची शीळ मिळवली आणि पहाटे स्पीकरला लावून लॉनवर वाजवली. आमच्या शेवग्याच्या वाळक्या फांदीत एक भोक आहे, तिथं दयाळाचं बिऱ्हाड असतं. विणीच्या दिवसांत दुसऱ्या नराची शीळ हद्दीत ऐकू आली की दयाळ भडकतो. तो शेपटी ताठ करून सरळ साहेबांच्या टेबलावर उतरला आणि स्पीकरला शिव्या देऊ लागला. साहेबांना आनंद मावेना. ते कुजबुजत मला फोनवर सांगत होते, “आला! अहो, आला! गातोय!”

ओट्यावर चहा पीत आई हे सगळं बघत होती. “गातो कशाचा,” ती म्हणाली, “जागेचा वाद आहे त्यो. तलाठ्याला बोलवा म्हणावं.”