रा. रा. 'मी' यांस अनावृत पत्र

रा. रा. 'मी' यांस,
मुक्काम पोस्ट मालवण (बहुधा),
सा. न. वि. वि.

आपलं नाव ठाऊक नसताना पत्र लिहावं लागतंय, याचा दोष सर्वस्वी आपल्याकडे जातो. गावातले जुने फोटो आम्ही काहीजण जमवतो आहोत. त्यात आपला आल्बम कुणाच्याशा माळ्यावरून, रद्दीच्या गठ्ठ्यातून आला. काळी पानं, पांढरी शाई, अक्षर कसं वळणदार. पहिल्याच फोटोखाली आपण लिहिलंय : 'बंदरावर. मी, मोती व इतर मंडळी.'

मोती म्हणजे कुत्रा. त्याबद्दल आमच्यात एकमत आहे, कारण फोटोत शेपूट त्या एकट्यालाच आहे. 'मी' म्हणजे छत्री घेऊन मधोमध उभे असलेले गृहस्थ, असा आमचा तर्क. त्यांचं नाव, आडनाव, हुद्दा, काहीही कळायला मार्ग नाही. आपण स्वतःला चांगले ओळखत होतात, त्यामुळे ते लिहायची गरज वाटली नसावी.

दुसरे उपकार खळीचे. फोटो कोपऱ्यांत न बसवता पाठभर खळ फासून आपण असे डकवलेत की मागचं वाचायचं तर फोटोचाच जीव घ्यावा लागेल. चार पावसाळ्यांची ओल खाऊन एक फोटो आपण होऊन सुटला, म्हणून त्याची पाठ दिसली. कागदावर 'आग्फा-गेव्हर्ट' अशी पुसट छाप आहे. या दोन कंपन्या एकत्र आल्या 1964 साली, तेव्हा फोटो त्याआधीचा नाही. खाली स्टुडिओचा शिक्का : 'मालवण, जि. रत्नागिरी'. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 रोजी. शिक्के संपेपर्यंत जुनेच वापरायची आपल्याकडची रीत धरली, तर पुढे आणखी दोनेक वर्षं सोडायला हवीत. म्हणजे जवळपास वीस वर्षांचा पट्टा आमच्या गळ्यात पडला. चार आकड्यांचं साल लिहिलं असतंत तर पांढरी शाई काही आटली नसती.

आता 'बंदरावर'. आपल्या मागे किल्ल्याचा तट दिसतो, तो सिंधुदुर्ग, हे मालवणात बालवाडीतलं पोरही सांगेल. पण त्याच्या अलीकडे, किनाऱ्याला लागून, पद्मगडाचा खडकही दिसतो आहे. ओहोटीला जिथून पद्मगडापर्यंत चालत जाता येतं ती दांडीची वेळ, म्हणजे वाळूचा किनारा. आपण उभे आहात तिथे बंदर नव्हतं आणि नाही. आपल्याला वाळू दिसली की बंदर वाटत असावं. आपण मालवणचे नसावेत, असा संशय आम्हाला इथेच प्रथम आला.

हे सगळं आम्ही एकट्यानं शोधलं असं समजू नये. फोटोवर पेन न टेकवता त्याची झेरॉक्स काढतो, प्रत्येक डोक्यावर आकडा टाकतो आणि ती प्रत घेऊन घरोघर फिरतो. आधी सगळ्यांना एकत्र बसवत असू. पण पहिल्यानं छातीठोकपणे नाव घेतलं की बाकीचे माना डोलावतात, म्हणून आता एकेकाला वेगळं विचारून वहीत टिपून घेतो. तरी गंमत चुकत नाही. समोर कुठल्याही आगबोटीचा फोटो ठेवा, ती 'रामदास'च असते. 'रामदास' बुडाली 17 जुलै 1947 रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना. आग्फा-गेव्हर्टच्या कागदावर ती यायची तर तळातून वर यावी लागेल. तसंच कुठेही चार माणसं जमलेली दिसली की फोटो 'नाथ पै आले होते तेव्हाचो'. त्यांची खासदारकी 1957 पासून 1971 च्या जानेवारीत ते जाईपर्यंतची, आणि माणूस गावोगाव सभा गाजवणारा. त्यामुळे हे विधान खोडताही येत नाही, ही खरी पंचाईत.

मग आम्ही आपल्या 'इतर मंडळीं'कडे वळलो. छत्रीच्या मागे दोन रांगांत माणसं दोर ओढताना दिसतात, ती आपल्यासाठी शोभेला उभी केलेली नव्हती. ती रापण आहे. होडीनं जाळं समुद्रात अर्धवर्तुळात टाकून यायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर दोन बाजूंनी ओढत आणायचे. बारकी पोरंसुद्धा दोराला हात लावतात, कारण हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. दोन्ही रांगा एकमेकींच्या जवळ आल्यात, म्हणजे जाळं किनाऱ्याला लागायच्या बेतात आहे. दिवसातली सगळ्यात निकडीची वेळ ती. नेमकी तेव्हाच आपण कुत्रा घेऊन मध्ये उभे राहिलात. मागच्या माणसाचं तोंड उघडं आहे. तो गात नसावा.

दांडीवरच्या एका आजींनी झेरॉक्स हातात घेतली आणि सात नंबरच्या डोक्यावर बोट ठेवलं. डोकं कसलं, पाठच ती. "हो माझो बापूस." कशावरून, म्हणून विचारलं. "दोर असो कमरेक लावन मागे रेललेलो बघ. तसो तो एकटोच वढी." दोन घरं सोडून दुसऱ्या एका म्हाताऱ्यानं, काही न सांगता, त्याच पाठीला तेच नाव दिलं. ते आम्ही पक्कं धरलं. नऊ नंबरवर मात्र दोन घराण्यांनी हक्क सांगितला. "हो आमचो आजो." "तुझ्या आज्याक मिशी खंय होती रे?" वहीत तूर्त दोन्ही नावं आहेत, पुढे प्रश्नचिन्ह. राहता राहिली कडेची टोपली. ती धरणारा बांगड्यांचा हात तेवढा फोटोत आलाय, बाई आपण चौकटीबाहेर ठेवली. हातावरून कुणी ओळखेल म्हणून आम्ही तोही दाखवत फिरतो. बायका बराच वेळ बघतात, पण अजून कुणी नाव घेतलेलं नाही.

तिसऱ्या पानावर 'मुंबईस प्रयाण'. आगबोट लांब नांगरलेली, तिथवर पोचवणारा पडाव गुडघाभर पाण्यात, आणि पडावापर्यंत आपण एका खलाशाच्या खांद्यावर. बूट कोरडे राहिले, अभिनंदन. पण आपल्या धोतराचा सोगा बरोबर त्याच्या तोंडावर आलाय. ज्याला आल्बमभर नाव नाही, त्याचा चेहराही आपण झाकलात, याला कसब लागतं. मोती मात्र त्याच फोटोखालीही नावानिशी हजर आहे.

आज हिशेब असा आहे. दोराच्या रांगांतले बरेचसे लोक लागले, त्यांची घरं लागली, एकाचं तर टोपणनावही तीन जणांनी वेगवेगळं विचारूनही एकच सांगितलं. छत्रीवाल्याबद्दल जो तो एकच म्हणतो, "हो कोण पावणो काय?" त्यामुळे संग्रहाच्या नोंदवहीत आम्ही आपली ओळ बदलली आहे : 'दांडी. रापण ओढताना', मग नावं, मग 'मोती', आणि शेवटी 'व इतर एक'. हरकत असल्यास कळवावी.

एक काम मात्र आपणच करू शकता. फोटो चौकोनी आहेत. क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात रोलमागे बारा निघत. या दिवसाचे पाचच आपण डकवलेत. उरलेल्यांत आपण बहुधा नीट आला नसाल, म्हणून ते बाजूला पडले असतील. निगेटिव्ह कुठे असतील तर धाडाव्यात. टोपलीवाली बाई त्यांतच कुठेतरी पुरती उभी असेल.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं पूर्ण नाव लिहावं. 'मी' चालणार नाही.

कळावे, लोभ असावा,
आपला,
(नाव, गाव, तारीख मागच्या बाजूस, पेन्सिलीनं)